‘स्टार वॉर्स’ची फोर-के डिस्क : जुना साहसपट आजही का धरून ठेवतो

जॉर्ज लुकस यांचा १९७७ सालचा ‘स्टार वॉर्स’ आज फोर-के, म्हणजे अतिशय स्पष्ट चित्र देणाऱ्या, डिस्कवर घरबसल्या पाहता येतो, आणि ज्यांच्याकडे बऱ्यापैकी मोठा टीव्ही आणि फोर-के प्लेअर आहे त्यांनी तो अवश्य पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या डिस्कवर जो चित्रपट आहे तो १९७७ च्या प्रेक्षकांनी पाहिलेला चित्रपट तंतोतंत नाही, हेही विकत घेणाऱ्याला आधी ठाऊक असायला हवे. या दोन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. हा चित्रपट इतकी वर्षे का टिकला हे ज्याला नीट समजते, त्यालाच नंतर केलेले बदल का खटकतात हेही समजते.

आधी व्यवहाराचे थोडे. बडोद्याच्या दुकानांतून ही डिस्क सहजासहजी मिळत नाही. आमच्याकडची धाकट्या दिराने अमेरिकेहून येताना आणली. फोर-के डिस्कला प्रदेशाचे बंधन नसते, त्यामुळे परदेशातून आणलेली डिस्क इथल्या फोर-के प्लेअरवर विनातक्रार चालते. साध्या ब्ल्यू-रे प्लेअरवर ती चालत नाही, परंतु माझ्याकडच्या संचात ब्ल्यू-रे डिस्कही सोबत आहे. मराठी उपशीर्षके नाहीत. चित्रपट दोन तासांच्या थोडा वर आहे, पण संवाद सोपे आणि तुटक असल्यामुळे इंग्रजीची फारशी सवय नसलेल्या ज्येष्ठांनाही कथा कळायला अडचण येत नाही, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

आता मुख्य विषयाकडे वळते. हा चित्रपट पाहताना माझ्या शाळकरी भाच्याने पहिल्या अर्ध्या तासातच विचारले, “मावशी, ही सगळी यानं इतकी मळकी का आहेत?” त्याचा प्रश्न मला अगदी वर्मावर बोट ठेवणारा वाटला. तोवरच्या बहुतेक अवकाशपटांत भविष्यकाळ म्हणजे चकचकीत, गुळगुळीत, नुकताच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखा असायचा. लुकस यांनी वापरून झिजलेले जग हवे, असा आग्रह धरला. सोनेरी यंत्रमानव सी-थ्रीपीओ याच्या अंगावर धूळ आणि ओरखडे आहेत, आणि नीट पाहिले तर त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली सोनेरी नसून चंदेरी आहे. म्हणजे या यंत्राचा एक भाग कधीतरी निकामी झाला आणि जो हाताशी होता तो बसवून काम भागवले गेले. याविषयी चित्रपटात एक अक्षरही बोलले जात नाही. पूर्वी टीव्हीवर पाहताना हा पाय माझ्या कधी लक्षातच आला नव्हता, कारण वाळवंटातील वाळूचा रंग त्यात उतरायचा. फोर-के डिस्कवर तो स्वच्छ दिसतो, आणि एकदा दिसला की त्या पात्राला एक भूतकाळ मिळतो.

भंगार गोळा करणारे बुटके व्यापारी शेतकऱ्याच्या दारात यंत्रमानव विकायला मांडतात तो प्रसंग मी कुणालाही या चित्रपटाची ओळख म्हणून दाखवीन. तो शेतकरी, म्हणजे नायक ल्यूकचे काका, घासाघीस न करता पटापट निवड करतात, पसंत केलेले लाल यंत्र चार पावले चालून धूर सोडत बंद पडते, आणि त्याच्या बदल्यात निळे यंत्र घ्यावे लागते. त्या निळ्या यंत्राच्या पोटात राजकन्येचा निरोप आहे आणि पुढचे सगळे महाभारत त्यामुळे घडते. एवढी मोठी कथा एका फसलेल्या जुन्या मालाच्या खरेदीवर उभी करायला धाडस लागते, आणि प्रेक्षकाला त्यात काहीही अशक्य वाटत नाही, कारण बंद पडलेली वस्तू परत करण्याचा प्रसंग प्रत्येकाच्या घरी येऊन गेलेला असतो.

ही कथा म्हणजे अवकाशातील रामायण, असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. राजकन्येचे अपहरण, वृद्ध गुरू, केसाळ सोबती आणि काळ्या वेशातील खलपुरुष ही सामग्री पाहता तो स्वाभाविक आहे. तरीही मला ही तुलना पुरेशी वाटत नाही. ल्यूक हा नायक सुरुवातीला कुणाचाही राजपुत्र नाही. तो हवेतील ओलावा गोळा करून पाणी मिळवणाऱ्या शेतावर काका-काकूंकडे वाढलेला, कामाला कंटाळलेला मुलगा आहे. त्याला अकादमीत जायचे आहे आणि काका म्हणतात की अजून एक हंगाम थांब, हाताखाली माणूस नाही. काका दुष्ट नाहीत. त्यांची अडचण खरी आहे आणि त्यांची भीतीही खरी आहे. जेवणाच्या मेजावरचा तो छोटासा वाद, मुलगा ताट अर्धे टाकून उठून जातो, काकू समजुतीच्या स्वरात नवऱ्याशी बोलते, हे सारे बडोद्याच्या प्रेक्षकाला परके वाटणे अवघड आहे. आमच्या दांडिया बाजारातील कितीतरी मराठी घरांत कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाला जाऊ पाहणारा मुलगा आणि ‘बहिणीचं लग्न होऊ दे, मग जा’ असे सांगणारे वडील यांच्यात नेमके हेच बोलणे झालेले आहे.

त्यानंतर ल्यूक घराबाहेर येतो आणि मावळणाऱ्या दोन सूर्यांकडे पाहत उभा राहतो. या दृश्यात एकही शब्द नाही. जॉन विल्यम्स यांचे पार्श्वसंगीत हॉर्नवर हळूच उठते, तारवाद्यांवर मोठे होते आणि ओसरते. संगीत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवले आहे, आणि डिस्कवरच्या डॉल्बी अ‍ॅटमॉस ध्वनीत तो हॉर्न मागच्या वाऱ्यापासून इतका सुटा ऐकू येतो की खोलीत कुणी बोलत असेल तर आपण आपोआप त्याला गप्प करतो. विल्यम्स यांनी प्रत्येक पात्राला आणि कल्पनेला स्वतंत्र सुरावट दिली आणि ती प्रसंगानुसार बदलत नेली, ही युरोपीय ऑपेराची जुनी पद्धत आहे. त्या काळी विज्ञानपटांत विचित्र इलेक्ट्रॉनिक आवाज वापरण्याची रूढी असताना त्यांनी भरघोस वाद्यवृंद वापरला. दृश्य अनोळखी असेल तर कानाला ओळखीचा आधार हवा, हा त्यामागचा विचार मला आजही बिनतोड वाटतो.

या वाळवंटाचे चित्रण ट्युनिशियात झाले. ल्यूकचे घर बाहेरून दिसते ते शोत-अल-जरीद या मिठाच्या पठारावर उभारलेले होते, आणि आतले अंगण म्हणजे मातमाता गावातील जमिनीखाली खोदलेले खरे घर, जे तेव्हाही हॉटेल म्हणून वापरात होते. दोन सूर्यांचा ग्रह त्या काळी केवळ कल्पना होती. पुढे २०११ मध्ये केप्लर दुर्बिणीने केप्लर-१६ या ताऱ्यांच्या जोडीभोवती फिरणारा ग्रह शोधला, तेव्हा खुद्द शास्त्रज्ञांनाही हे दृश्य आठवले. सयाजीबागेतील तारांगण पाहून आलेल्या मुलांना हा चित्रपट दाखवणार असाल तर एवढी माहिती जरूर सांगावी. बाकी या चित्रपटात विज्ञान शोधू नये. निर्वात पोकळीत स्फोटांचे आवाज येतात आणि लढाऊ याने विमानांसारखी कलून वळतात. ही साहसकथा आहे, आणि वळणे विमानांसारखी दिसण्यामागे कारणही आहे: लुकस यांनी दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढायांची दृश्ये जोडून एक कच्चा आराखडा तयार केला होता आणि शेवटच्या लढाईची दृश्ये त्या आराखड्याबरहुकूम रचली गेली.

दृश्यचमत्कृतींविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण बडोद्याच्या माणसाला या विषयात विशेष आस्था असायला हवी. दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकले, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी प्रतिकृती आणि कॅमेऱ्याच्या करामती यांच्या बळावर हनुमानाचे उड्डाण पडद्यावर आणले. हाताने घडवलेली वस्तू कॅमेऱ्यासमोर ठेवून प्रेक्षकाला अद्भुताची खात्री पटवायची, ही तीच परंपरा. लुकस यांना चित्रपट करायचा होता तेव्हा निर्मिती करणाऱ्या ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्सचा स्वतःचा चमत्कृती विभाग बंद झालेला होता. म्हणून १९७५ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथे एका गोदामात ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ ही संस्था उभी केली. जॉन डायक्स्ट्रा यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या बहुतांशी तरुण मंडळींनी असा कॅमेरा तयार केला की ज्याची प्रत्येक हालचाल इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत नोंदवली जाई आणि हवी तितक्या वेळा जशीच्या तशी पुन्हा करता येई. यान जागेवर स्थिर, कॅमेरा त्याच्याभोवती फिरणार. मग त्याच मार्गाने एकदा यानाचे, एकदा त्याच्या इंजिनांच्या उजेडाचे असे वेगवेगळे चित्रण घ्यायचे आणि शेवटी ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरचे चित्र दुसऱ्या फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्रावर, सगळे थर एकावर एक बसवायचे. प्रत्येक नव्या प्रतीबरोबर चित्र भरड होत जाते, म्हणून त्यांनी व्हिस्टाव्हिजनचे जुने, अडगळीत गेलेले कॅमेरे शोधून काढले. या कॅमेऱ्यांत फिल्म आडवी धावते आणि प्रत्येक चौकट नेहमीपेक्षा मोठी मिळते.

या सगळ्या खटाटोपाचे फळ पहिल्याच दृश्यात आहे. सुरुवातीचा पिवळा मजकूर वर सरकत दूर जातो, आणि तोही खऱ्याखुऱ्या छापील अक्षरांवरून कॅमेरा नेऊन चित्रित केलेला आहे. मग एक छोटे यान पळताना दिसते आणि त्याच्यामागून पडद्याच्या वरच्या कडेतून त्याचा पाठलाग करणारे जहाज येऊ लागते, येतच राहते, संपतच नाही. प्रत्यक्षात त्या अजस्र जहाजाची प्रतिकृती जेमतेम तीन फूट लांबीची होती आणि पळणाऱ्या छोट्या यानाची प्रतिकृती तिच्याहून मोठी होती. प्रतिकृतींच्या पृष्ठभागावर जी अगणित बारीक यंत्रसामग्री दिसते ती रणगाडे, युद्धनौका आणि विमाने यांच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांच्या संचांतले भाग चिकटवून केलेली आहे. फोर-केमध्ये या नक्षीच्या कडा आणि त्यांच्या सावल्या वेगळ्या दिसतात. उजेड खऱ्या वस्तूवर पडलेला आहे हे डोळ्याला कळते, आणि माझ्या मते या चित्रपटाच्या टिकाऊपणाचे हे फार मोठे कारण आहे.

आवाजाच्या बाबतीतही हीच रीत. बेन बर्ट यांनी यंत्रांवर कृत्रिम ध्वनी निर्माण करण्यापेक्षा जगातले आवाज गोळा करण्यावर भर दिला. प्रकाशतलवारीची गुणगुण म्हणजे जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरचा आवाज आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमुळे मायक्रोफोनमध्ये शिरलेली घरघर यांचे मिश्रण; तलवार फिरल्याचा भास निर्माण करण्यासाठी तो आवाज स्पीकरवर वाजवून समोरून मायक्रोफोन हलवला गेला. बंदुकीच्या गोळीचा आवाज मनोऱ्याच्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारून मिळाला. शत्रूच्या लढाऊ यानांच्या किंचाळीत हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी मोटार आहे. काळ्या वेशातील खलपुरुष डार्थ व्हेडर याचा तो घोगरा श्वास पाणबुड्यांच्या श्वसनयंत्रातला. प्रकाशतलवारीची मूठसुद्धा जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा आहे. आमच्या साध्या ध्वनियंत्रणेवरही व्हेडरच्या प्रवेशाला घरातली मुले सरसावून बसली, आणि तो अजून एक वाक्यही बोललेला नव्हता.

संकलनाचा उल्लेख केल्याशिवाय या चित्रपटाविषयीचे लेखन अपुरे राहील. पॉल हर्श, मार्शिया लुकस आणि रिचर्ड च्यू यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. एकूण सहा स्पर्धात्मक ऑस्कर आणि बर्ट यांना विशेष पुरस्कार अशी या चित्रपटाची कमाई आहे. ल्यूकची त्याच्या मित्रांबरोबरची सुरुवातीची चित्रित झालेली दृश्ये काढून टाकण्यात आली. परिणामी नायक सुमारे पाव तासानंतर पडद्यावर येतो आणि तोपर्यंत आपण दोन भांडखोर यंत्रमानवांबरोबर चालत राहतो. मोठ्या लोकांची कथा दोन सामान्य, भेदरलेल्या जीवांच्या नजरेतून सांगण्याची ही युक्ती अकिरा कुरोसावा यांच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या १९५८ च्या चित्रपटातून आलेली आहे, आणि लुकस यांनी ते ऋण कधी लपवलेले नाही.

दोष नाहीत असे नाही. संवाद अनेक ठिकाणी लाकडी आहेत. अ‍ॅलेक गिनेस आणि पीटर कुशिंग यांच्यासारखे कसलेले नट त्यांत प्राण ओततात, आणि हॅरिसन फोर्ड आपल्या बेफिकिरीने ते निभावून नेतो, परंतु इतरांची कधीकधी ओढाताण होते. मला अधिक बोचते ते लेया या राजकन्येच्या बाबतीत. तिच्या डोळ्यांदेखत तिचा संपूर्ण ग्रह, आईवडिलांसह, नष्ट केला जातो. थोड्याच वेळाने ल्यूकचा गुरू मारला जातो तेव्हा ल्यूकच्या खांद्यावर पांघरूण घालून त्याचे सांत्वन करते ती लेयाच. तिच्या दुःखाला या चित्रपटात एक क्षणही मिळत नाही. कॅरी फिशर यांनी ही भूमिका इतक्या तडफेने केली आहे की ही उणीव सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, पण ती आहे. शिवाय एवढ्या मोठ्या विश्वात बोलणाऱ्या स्त्रिया मोजून दोन-तीनच आहेत, हे आमच्या घरातील मुलींनी लगेच हेरले.

आता डिस्कवरील बदलांविषयी. १९९७ मध्ये लुकस यांनी ‘स्पेशल एडिशन’ काढली आणि तेव्हापासून चित्रपटात वेळोवेळी भर पडत गेली. बंदराच्या गावात शिरताना संगणकावर बनवलेले प्राणी पडद्यासमोरून जाऊ लागले, जब्बा या गुंडाबरोबरचा मूळ चित्रपटात नसलेला प्रसंग जोडला गेला. खानावळीतल्या त्या प्रसिद्ध प्रसंगात हान सोलो हा तस्कर (हॅरिसन फोर्ड) समोर बसलेल्या मारेकऱ्यावर आधी गोळी झाडत असे; तो बदलून त्या मारेकऱ्याने आधी झाडली असे केले. नंतरच्या आवृत्त्यांत या प्रसंगाला पुन्हा पुन्हा हात लागला, आणि सध्याच्या फोर-के आवृत्तीत तर गोळीबाराच्या आधी ‘मॅक्लंकी’ असा एक शब्द नव्याने आला आहे. सुरुवातीच्या मजकुरातील ‘एपिसोड ४ : अ न्यू होप’ ही ओळसुद्धा १९७७ ची नव्हे; ती १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात आली.

दिग्दर्शकाला आपल्या कलाकृतीत फेरफार करण्याचा अधिकार आहे, हे मी मान्य करते. माझा आक्षेप दुसराच आहे. जब्बाचा प्रसंग आधीच्या खानावळीतील संवादाची पुनरावृत्ती करतो, त्यामुळे नेटक्या कथेला तिथे ढिलाई येते. बंदराच्या गावातील नवे प्राणी गुळगुळीत, धूळ न लागलेले आहेत. त्यांच्यावर पडलेला उजेड ट्युनिशियाचा नाही. ज्या चित्रपटाने झिजलेल्या, हाताळलेल्या वस्तूंच्या जोरावर आपला विश्वास जिंकला, त्यातच हे प्राणी डोळ्यात खुपतात, आणि फोर-केच्या स्पष्टतेत तर ते अधिकच उपरे वाटतात. तीन फुटांची प्रतिकृती आज खरी वाटते आणि तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेले संगणकीय प्राणी जुनाट वाटतात, हे तुम्ही स्वतः पाहून ठरवा. हानची बदललेली गोळी हा प्रश्न त्याहून गंभीर आहे, कारण शेवटी हान मित्रांसाठी परत येतो त्या क्षणाचे मोल, तो सुरुवातीला किती स्वार्थी आणि निर्ढावलेला होता, यावर ठरते.

डिस्कची चित्रगुणवत्ता एकंदरीत उत्तम आहे. वाळवंटातील दुपारचा प्रकाश, अंतराळातील खरा काळोख आणि प्रकाशतलवारींची झळाळी यांत जुन्या डीव्हीडीपेक्षा जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही ठिकाणी फिल्मचा नैसर्गिक दाणा पुसून चेहरे किंचित मेणासारखे केल्याचे जाणवते. तो दाणा ठेवला असता तर मला अधिक आवडले असते. टीव्हीच्या सेटिंगमधील हालचाल गुळगुळीत करणारी सोय मात्र बंद करून मगच चित्रपट लावावा, कारण तिच्यामुळे सुंदर प्रतिकृतीसुद्धा खेळण्यासारख्या दिसू लागतात.

मूळ चित्रपट पाहण्याचा मार्ग सध्या अवघड आहे. २००६ मध्ये तो डीव्हीडीवर जोड-डिस्क म्हणून आला होता, परंतु हलक्या दर्जाच्या जुन्या प्रतीवरून; त्यानंतर चांगल्या दर्जात तो घरगुती प्रेक्षकाला दिला गेलेला नाही. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०२५ मध्ये १९७७ ची टेक्निकलर प्रत पडद्यावर दाखवली, म्हणजे दाखवण्याजोगी प्रत अस्तित्वात आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा त्याच वर्षीचा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ तिन्ही आवृत्त्यांसह एकाच संचात मिळतो आणि प्रेक्षक हवी ती आवृत्ती निवडतो. ‘स्टार वॉर्स’साठीही तेवढेच करायला हवे; तसा संच निघेल त्या दिवशी मी तो पुन्हा पूर्ण किंमत देऊन घेईन, आणि तोवर याच डिस्कची शिफारस करीन.